ऑनलाइन सुरक्षा अधिनियम व स्वतंत्र चर्चामंच (ब्रिटन)

आंतरजालावरील बेकायदेशीर आणि बालकांना अपायकारक मजकुराला आळा घालण्यासाठी ब्रिटिश संसदेने केलेला कायदा. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी राजसंमती मिळालेल्या या कायद्याची अंमलबजावणी जवळ येताच स्वयंसेवकांनी चालवलेले अनेक छोटे चर्चामंच बंद झाले किंवा बंद होण्याच्या बेतात आले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या परिणामाचा विचार केला आहे. चर्चामंच म्हणजे एखाद्या विषयात रस असणाऱ्या सदस्यांचे प्रश्न, उत्तरे व वादविवाद विषयवार धाग्यांत साठवून ठेवणारे संकेतस्थळ. ते मोठ्या कंपनीच्या मालकीचे नसून एकदोन व्यक्ती पदरमोड करून किंवा सदस्यांच्या देणग्यांवर चालवत असतील, तर त्याला स्वतंत्र म्हटले जाते.

पार्श्वभूमी : कारखान्याच्या मालकावर कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असते, तशी समाजमाध्यमांच्या मालकांवर वापरकर्त्यांच्या सुरक्षिततेची असावी, हा ‘काळजीच्या कर्तव्या’चा विचार प्राध्यापक लॉर्ना वुड्स व विल्यम पेरिन यांनी कार्नेगी यूके ट्रस्टच्या माध्यमातून मांडला, आणि एप्रिल २०१९ मध्ये सरकारने काढलेल्या श्वेतपत्रिकेत तो उतरला. त्यामागे लोकक्षोभही होता. हॅरो येथील मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्ये मरण पावली. सप्टेंबर २०२२ मध्ये मृत्युसमीक्षकाने दिलेल्या निष्कर्षात तिच्या नैराश्याबरोबरच आंतरजालावरील मजकुराच्या दुष्परिणामांचाही स्पष्ट उल्लेख झाला, आणि त्या चौकशीत इन्स्टाग्राम व पिंटरेस्ट चालवणाऱ्या कंपन्यांना साक्ष द्यावी लागली. कायद्यामागची प्रेरणा अशी होती आणि ती रास्त होती, याविषयी दुमत संभवत नाही. वाद आहे तो व्याप्तीविषयी.

कर्तव्ये : वापरकर्त्याने टाकलेला मजकूर दुसऱ्या वापरकर्त्याला दिसू शकतो अशी जवळजवळ प्रत्येक सेवा, तसेच शोधयंत्रे, या कायद्याच्या कक्षेत येतात. ऑफकॉम ही दूरसंचार व प्रसारण क्षेत्रांची नियामक संस्था अंमलबजावणी करते आणि कक्षेतील सेवांची संख्या तिच्या अंदाजाने एक लाखाहून अधिक आहे. ऑफकॉमने १६ डिसेंबर २०२४ रोजी बेकायदेशीर मजकुराविषयीच्या आचारसंहिता प्रसिद्ध केल्या. त्याचबरोबर प्रत्येक सेवाचालकाने १६ मार्च २०२५ पर्यंत लेखी जोखीम मूल्यमापन करायचे होते, म्हणजे दहशतवाद, बाललैंगिक शोषण, फसवणूक, द्वेषमूलक गुन्हे इत्यादी सतरा प्रकारच्या मजकुरांपैकी प्रत्येकाची शक्यता आपल्या सेवेत किती, हे तपासून नोंदवून ठेवायचे होते. दुसऱ्या दिवसापासून कर्तव्ये बंधनकारक झाली. बालसंरक्षणाची कर्तव्ये व त्यांच्या अनुषंगाने येणारी वयाची खातरजमा २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. कसूर झाल्यास १ कोटी ८० लाख पौंड किंवा जागतिक उत्पन्नाच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापर्यंत दंड होऊ शकतो.

ब्रिटनमधील मासिक वापरकर्ते ७० लाखांहून अधिक असलेल्या सेवेला आचारसंहिता मोठी सेवा मानतात आणि तिच्यावर जास्तीचे उपाय लादतात, हे खरे; परंतु मूळ कर्तव्यांतून लहान सेवेला लहानपणामुळे सूट मिळत नाही. जबाबदार व्यक्ती नेमणे, तक्रारींची व्यवस्था ठेवणे, आक्षेपार्ह मजकूर तत्परतेने काढणे, नियम सुबोध भाषेत लिहिणे आणि मूल्यमापन अद्ययावत ठेवणे ही कामे दोनशे सदस्यांच्या मंचालाही चुकत नाहीत.

सूट व ब्रॅकनेलचे उदाहरण : बर्कशायर परगण्यातील ब्रॅकनेल हे शहर १९४९ साली ‘नवनगर’ म्हणून घोषित झाले, २००३ पर्यंत ब्रिटिश हवामान खात्याचे मुख्यालय येथे होते आणि फेरान्टी, रकाल यांसारख्या कंपन्यांमुळे संगणक व इलेक्ट्रॉनिकी उद्योगाशी त्याचे नाव जोडले गेले. कायद्यातील सूट कशी विषम आहे, हे नगरपरिषद, कंपन्या व हौशी मंचचालक एकत्र असलेल्या अशा शहराच्या संदर्भात चांगले कळते. सार्वजनिक संस्थांनी आपल्या अधिकृत कामाच्या ओघात चालवलेल्या सेवा पहिल्या परिशिष्टानुसार वगळलेल्या आहेत, त्यामुळे ब्रॅकनेल फॉरेस्ट कौन्सिलने नागरिकांच्या सूचनांसाठी व्यासपीठ उघडले तर ते कक्षेबाहेर राहते. कंपन्यांची अंतर्गत संपर्कव्यवस्था वगळलेली आहे, तसेच केवळ प्रकाशकाच्या लेखांखाली प्रतिक्रिया लिहू देणारी सेवाही. त्याच शहरातील एखाद्या रहिवाशाने धावपटूंसाठी किंवा बागकाम करणाऱ्यांसाठी फावल्या वेळात चालवलेला मंच मात्र पूर्णपणे कक्षेत येतो.

मंचांची समाप्ती : सर्वाधिक गाजलेले उदाहरण २००७ पासून चालू असलेल्या एलएफजीएसएस या लंडनच्या सायकलस्वारांच्या मंचाचे आहे. आचारसंहिता प्रसिद्ध झाल्या त्याच दिवशी मंचाच्या चालकाने तो मार्च २०२५ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. त्याच प्रणालीवर चालणारे इतर सुमारे तीनशे लहान मंचही या निर्णयाच्या छायेत आले. दंडाची कमाल मर्यादा एकट्या माणसाला पेलण्यासारखी नाही आणि जबाबदारी वैयक्तिक आहे, हे मुख्य कारण होते. पुढे सदस्यांपैकी काहींनी भार उचलल्यामुळे हा मंच टिकला. सगळ्यांना असा आधार मिळाला नाही. जुलै २००५ पासून चाललेला ‘अर्बन डेड’ हा बहुखेळाडू खेळ, ज्यात खेळाडू एकमेकांशी बोलू शकत, १४ मार्च २०२५ रोजी बंद करण्यात आला. हॅमस्टर पाळणाऱ्यांच्या एका मंचानेही त्याच सुमारास निरोप घेतला आणि सदस्यांना इन्स्टाग्रामवर येण्यास सांगितले. ज्या कंपन्यांना वेसण घालण्यासाठी कायदा झाला, त्यांच्याच दारी लहान समुदाय गेले, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब मानावी लागते. यांपैकी कोणत्याही मंचावर ऑफकॉमने कारवाई केलेली नव्हती. कर्तव्ये लागू होण्याआधीच किंवा त्या सुमारास, केवळ कारवाईच्या शक्यतेमुळे चालकांनी हे निर्णय घेतले. मंच बंद होतो तेव्हा वर्षानुवर्षे साठलेले दुरुस्तीचे सल्ले, अनुभव आणि वाद जपण्याची तरतूद कायद्यात नाही.

दुसरी बाजू : लहान म्हणजे निरुपद्रवी, असे समीकरण मांडता येत नाही. ऑफकॉमने एप्रिल २०२५ मध्ये या कायद्याखाली सुरू केलेली पहिली वैयक्तिक चौकशी आत्महत्येला उत्तेजन देणाऱ्या एका मंचाचीच होती, आणि संसदेत चर्चा चालू असताना ‘लहान पण घातक’ सेवांना सूट देऊ नये, हा आग्रह पीडित कुटुंबांनी धरला होता. धोक्याचे मोजमाप आकारावर न करता स्वरूपावर करावे, हे तत्त्व म्हणून योग्य आहे. आपण धोकादायक नाही, हे सिद्ध करण्याचा लेखी भार मात्र निरुपद्रवी मंचावरही पडतो, ही कायद्याची उणीव आहे.

न्यायालयीन बाजू : कोणत्या सेवांवर वाढीव कर्तव्ये पडतील हे ठरवणाऱ्या वर्गीकरणाच्या नियमांना विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी फेटाळले.

भारतीय तुलना : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७९ मध्यस्थ सेवांना, म्हणजे इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या सेवांना, त्या मजकुराच्या दायित्वापासून अटींसह संरक्षण देते, आणि २०२१ च्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मध्यस्थांवर वाढीव कर्तव्ये टाकली. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरामुळे झालेली अटक ज्या याचिकेला निमित्त ठरली, त्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी याच अधिनियमातील, आंतरजालावरील आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारे कलम ६६ अ रद्द केले आणि मध्यस्थाने न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशावरून मजकूर काढावा, असा कलम ७९ चा अर्थ लावला.

मराठी संकेतस्थळे : मायबोली (१९९६), मनोगत (२००४), मिसळपाव (२००७) ही संकेतस्थळे मुख्यतः सदस्यांच्या लेखनावर उभी राहिली आणि परदेशस्थ मराठी वाचक हा त्यांचा मोठा आधार राहिला. ब्रिटिश अधिनियम देशाबाहेरून चालणाऱ्या सेवांनाही लागू होऊ शकतो, आणि त्याची एक कसोटी ब्रिटनमधील वापरकर्त्यांची संख्या ‘लक्षणीय’ आहे काय, ही आहे. लक्षणीय म्हणजे किती, याचा आकडा अधिनियमात दिलेला नाही.