धावेपासून स्टेपनीपर्यंत

आजच्या भागाचा विषय आहे चाक. गटातल्या बायांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घरात पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घ्यायचं चाललंय. दुकानदार विचारतो, सोळा इंची चाक हवं की अठरा इंची? वर सांगतो की या गाडीत स्टेपनी येत नाही, त्याऐवजी एक पेटी येते. बाई विचारते, यातलं काय घ्यावं? उत्तर देण्याआधी आम्ही थोडं मागे जाणार आहोत. चाक बदलत गेलं, तसा ते दुरुस्त करणारा माणूसही बदलत गेला, आणि आपल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडतं.

आपल्या मुलखाजवळचं फार जुनं चाक सापडलं ते दायमाबादला. प्रवरेकाठचं हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १९७४ साली तिथे शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या चार वस्तू मिळाल्या. त्यातली एक म्हणजे दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला माणूस. हा ठेवा साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या रथाची चाकं भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. भरीव चाक मजबूत असतं, पण जड असतं आणि ओढताना बैल दमतो.

नंतर आऱ्यांचं चाक आलं. आपल्या आज्यांनी पाहिलेलं चाक हेच. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेर घेराचे वाकडे पुठ्ठे, आणि सगळ्यावर लोखंडी धाव. बहुधा बारा आरे आणि सहा पुठ्ठे असत. लाकूड चिवट हवं म्हणून बाभळीचं घेत. धाव चढवणं हे गावातलं मोठं काम असे. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करी. गोवऱ्यांचा गोल रचून ती लाल होईपर्यंत तापवत. तापलं की लोखंड फुगतं. मग चार जण सांडशीने उचलून ती चाकावर बसवत आणि लगेच पाणी ओतत. थंड होताना धाव आवळली जाई आणि सगळे सांधे घट्ट होत. त्या गोवऱ्या कोणी थापल्या आणि पाणी कोणी भरून ठेवलं, हे तुम्हाला सांगायला नको. चाकाच्या इतिहासात बाईचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण तिचे हात त्यात आहेत.

हे चाक दुरुस्त करणारे सुतार आणि लोहार गावातच असत. सुगीला त्यांना बलुतं म्हणून धान्य मिळे. आरा मोडला तरी गाडी दोन दिवसांत परत उभी राही. खांद्याएवढं उंच चाक खड्ड्यात अडकत नसे, आणि पंक्चर हा शब्दच कोणाला माहीत नव्हता. साक्रीला रेल्वे आली नाही. आपला कापूस अशाच चाकांवरून धुळ्याच्या बाजाराला गेला.

हवेचं चाक मात्र दूरच्या देशात जन्मलं. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी त्याचं पेटंट घेतलं, पण ते चाललं नाही. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची धाव बनवली, आणि ती मात्र जगभर गेली. त्याच वर्षी जर्मनीत बर्था बेंझ या बाईने नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार बाहेर काढली. दोन मुलांना घेऊन ती शंभर किलोमीटरहून जास्त अंतर गेली. वाटेत ब्रेक झिजले, तेव्हा तिने मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटार नवीन होती, पण दुरुस्ती अजून गावच्या कारागिराच्या हातात होती.

हवेच्या चाकाने प्रवास मऊ झाला, पण चाक फुटू लागलं. रस्त्यावर नालांचे खिळे पडलेले असत आणि मोटारीसोबत जास्तीचं चाक मिळत नसे. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी यावर तोड काढली. त्यांनी आरे नसलेली एक कडी बनवली, तिच्यावर हवा भरलेला टायर बसवला, आणि फुटलेल्या चाकाच्या बाजूला ती कडी पकडीने आवळायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. त्या रस्त्याचं नाव चाकाला पडलं. इंग्लंडमध्ये आज हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, पण आपल्या सुरत रस्त्यावरचा प्रत्येक पंक्चरवाला तो रोज उच्चारतो.

आपल्याकडे १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. पुढे बैलगाडीलाही रबरी टायर लागले. उत्तरेत अशा गाडीला अजून 'डनलप'च म्हणतात. ही गाडी हलकी चालते आणि बैलाला जास्त माल ओढता येतो. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बहिणींनी टायरच्या गाड्यांवर मोळ्या रचल्या आहेत. पण धावेचं चाक गावात दुरुस्त होई, टायरला मात्र पंक्चरवाला लागतो, आणि तो हायवेवर बसतो. दुरुस्ती गावाबाहेर गेली.

आता हायब्रिड गाडी पाहू. जपानमध्ये १९९७ साली अशी गाडी विक्रीला आली. तिच्यात बॅटरीलाही जागा लागते, आणि काही गाड्यांत ती स्टेपनीच्या जागेवर येते. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. लहान प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीची पेटी असेल, तर स्टेपनी सक्तीची नाही. त्या पेटीत चिकट द्रवाची बाटली आणि हवा भरायचं छोटं यंत्र असतं. खिळ्याचं बारीक भोक त्याने बुजतं. पण दगडाने टायरची बाजू कापली गेली तर त्या पेटीचा उपयोग नाही.

चाकाचं माप टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. '२०५/६५ आर १६' याचा अर्थ असा : टायर २०५ मिलिमीटर रुंद आहे. कडीपासून जमिनीपर्यंतची रबराची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १३ सेंटिमीटर. कडी १६ इंची. दुसरं माप '२२५/५० आर १८' घ्या. इथे रबराची उंची ११ सेंटिमीटरच भरते. दोन्ही चाकांची पूर्ण उंची ६७-६८ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास सारखीच. अठरा इंचीत कडी मोठी आणि रबर कमी. वळणावर ते घट्ट बसतं आणि दिसायलाही छान असतं. पण खड्ड्याचा मार रबर कमी झेलतं आणि कडीला जास्त लागतो. टायरही बहुधा महाग पडतो.

आमचं मत स्पष्ट आहे. पाड्यापर्यंत कच्चा रस्ता असेल, पावसाळ्यात कोंडाईबारी घाटातून जाणं असेल, तर कंपनीने त्या गाडीसाठी दिलेल्या मापांपैकी लहान कडी आणि जास्त रबर असलेलं माप घ्या. बाहेरून मनाने वेगळं माप बसवू नका. कानबाईच्या रोटांना सुरतेहून अख्खं घर एका गाडीत येतं. त्यात बॅटरीचंही वजन असतं. म्हणून टायर बदलताना वजन पेलण्याचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.

स्टेपनीबद्दल दुकानात चार गोष्टी विचारा. या गाडीत स्टेपनी आहे का? ती पूर्ण मापाची आहे की बारीक? बारीक असेल तर ती साधारणपणे ताशी ८० किलोमीटरपर्यंतच चालवायची आणि पूर्ण चाक दुरुस्त होताच काढायची. स्टेपनी नसेल तर वेगळी घेता येते का, आणि ती कुठे ठेवायची? जॅक आणि पाना सोबत मिळतो का? नंतर महिन्यातून एकदा चाकांची हवा तपासाल तेव्हा स्टेपनीचीही तपासा. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्या की टायर बदला.

रात्री बाळंतिणीला घेऊन साक्रीहून धुळ्याला निघायचं म्हटलं तर पन्नासहून जास्त किलोमीटर आहेत. वाटेत टायर फाटला आणि गाडीत फक्त बाटली असली, तर ती बाई रस्त्याच्या कडेलाच अडकते. म्हणून भाड्याची गाडी ठरवतानाही आधी डिकी उघडायला सांगा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत ज्यांच्या घरी गाडी आहे, तिथे प्रत्येकीने एकदा स्वतःच्या हाताने चाक बदलून पाहा. गाडी सपाट जागी लावा, हॅंडब्रेक ओढा, नट आधी सैल करा आणि मगच जॅक चढवा. पाना जड वाटला तर दोघी मिळून फिरवा. गोवऱ्या थापणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही.