अमेरिकेची तरुण पिढी आणि ‘सॉकर’ची ओढ

इंग्लिश प्रीमियर लीगचा शनिवारचा पहिला सामना गोव्यात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास सुरू होतो. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात वाजलेले असतात, तर लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे साडेचार. तरीही अनेक अमेरिकी शहरांत ठरावीक पबची दारे त्या वेळी उघडतात आणि लिव्हरपूल किंवा आर्सेनलची जर्सी घातलेले पंचविशी-तिशीतले तरुण कॉफीचा कप हाती घेऊन पडद्यासमोर बसतात. अमेरिकी माणसाला फुटबॉल रुचत नाही, हा समज आपल्याकडे पक्का आहे. तो सर्वस्वी खोटा नव्हता. मात्र आज त्या देशाची तरुण पिढी पाहता तो तसाच्या तसा मांडता येणार नाही.

प्रथम नावाचा घोळ मिटवलेला बरा. लांबट गोल चेंडू बहुतांशी हातात घेऊन धावण्याच्या खेळाला अमेरिकेत फुटबॉल म्हणतात आणि आपल्या फुटबॉलला सॉकर. हा शब्द अमेरिकेचा मानून त्याची थट्टा होते, पण तो जन्माने इंग्लिश आहे. १८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांनी खेळला जाणारा तो ‘असोसिएशन फुटबॉल’. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘असोसिएशन’चे लाडके, आखूड रूप म्हणून ‘सॉकर’ केले. इंग्लंडने पुढे तो शब्द टाकून दिला, अमेरिकेने जपला.

खेळही तिथे नवा नाही. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिकेचा संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. १९५० मध्ये ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात या संघाने बलाढ्य इंग्लंडला १-० असे हरवले. तो गोल हैतीत जन्मलेल्या जो गेटजेन्सचा. अशा विजयानंतर एखाद्या देशात उत्सव झाला असता. अमेरिकेत त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही आणि पुढचा विश्वचषक गाठायला त्या संघाला १९९० साल उजाडले.

मधल्या काळात पैसा ओतून खेळ रुजवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमधल्या न्यूयॉर्क कॉसमॉस क्लबने १९७५ मध्ये पेलेला करारबद्ध केले, पाठोपाठ बेकेनबाउर आला. ऑगस्ट १९७७ मध्ये न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमवर कॉसमॉसच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हा संघ कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला आणि सामना २-२ असा सुटला, हे आपल्याकडच्या जुन्या रसिकांच्या स्मरणात असेल. पण पेले निवृत्त झाला, प्रेक्षक ओसरले आणि १९८४ च्या हंगामानंतर ती लीगच बंद पडली. लोक पेलेला पाहायला आले होते, फुटबॉल पाहायला आले नव्हते.

खेळणारी मुले, न पाहणारी माणसे

एक विलक्षण गोष्ट मात्र याच काळात घडत होती. १९६४ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात मुलांसाठी अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन सुरू झाली. संघातल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे, हे तिचे तत्त्व. खेळायला फार उंची लागत नाही, अंगावर कवच चढवावे लागत नाही, मुलगे-मुली दोघेही खेळू शकतात, म्हणून उपनगरांतल्या मध्यमवर्गाने हा खेळ उचलला. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली, तेव्हा महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करणे भाग पडले आणि त्यात फुटबॉलला मोठी जागा मिळाली. मुलांना मोटारीतून सरावाला पोहोचवणारी ‘सॉकर मॉम’ १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदारांचा एक वर्ग म्हणून चर्चेत आली, इतका हा खेळ घरगुती झाला होता.

तरीही ही मुले मोठी झाल्यावर पाहत होती ती बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलच. हे कसे? दूरचित्रवाणीला पंचेचाळीस मिनिटे अखंड चालणारा, जाहिरातींना जागा न देणारा खेळ नको होता, हे एक कारण नेहमी सांगतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. खेळाचे वेड हे बरेचसे घरातून येते. सासष्टीतल्या किंवा तिसवाडीतल्या एखाद्या गावात मुलगा ऑफसाइडचा नियम पुस्तकात वाचत नाही. तो बापाच्या, काकाच्या शेजारी मैदानाच्या कडेला उभा राहून शिकतो, आणि कोणत्या संघावर राग धरायचा हेही तिथेच ठरते. अमेरिकी मुलाला शनिवारी सकाळी पायात बूट मिळाले, पण संध्याकाळी घरी त्या खेळाविषयी बोलणारे कोणी नव्हते. खेळ होता, त्याची परंपरा नव्हती.

पडद्यावरून आलेली परंपरा

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला. ५२ सामन्यांना मिळून सुमारे ३६ लाख प्रेक्षक आले. २४ संघांच्या त्या स्पर्धेतील हा आकडा पुढे संघ व सामने वाढल्यावरही दीर्घकाळ अबाधित राहिला. यजमानपद मिळवताना अव्वल दर्जाची व्यावसायिक लीग सुरू करण्याचे वचन अमेरिकेने दिले होते. त्यानुसार १९९६ मध्ये दहा संघांची मेजर लीग सॉकर उभी राहिली. सुरुवातीला तिने अमेरिकी प्रेक्षकाला रुचावे म्हणून घड्याळ उलटे चालवले आणि बरोबरी टाळण्यासाठी पस्तीस यार्डांवरून गोलरक्षकावर धावून जाण्याचा शूटआउट आणला. या करामतींनी नवा प्रेक्षक फारसा मिळाला नाही, आणि जाणकार मात्र दुखावले गेले. शतक सरताना त्या गुंडाळाव्या लागल्या. २००२ मध्ये दोन क्लब बंद झाले. २०२५ मध्ये सॅन दिएगोच्या प्रवेशाने हीच लीग तीस संघांची झाली.

महिला संघाचा इतिहास याहून उजळ आहे. १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक त्यांच्या नावावर आहेत. १९९९ चा पासाडेना येथील अंतिम सामना ९०,१८५ प्रेक्षकांनी पाहिला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कित्येक अमेरिकी स्त्रियांच्या मनात फुटबॉल म्हणजे ब्रँडी चॅस्टेनने त्या दिवशी मारलेली निर्णायक पेनल्टी. ‘खेळाचे वेड बापाकडून मुलाकडे’ हे आपले गृहीतक तिथे आईकडून मुलीकडे असे उलटे झाले. २०२२ मध्ये महिला व पुरुष राष्ट्रीय संघांना समान मानधन देणारा करार झाला, त्यामागेही या संघाने न्यायालयात दिलेला लढा होता.

घरात नसलेली परंपरा तरुणांना पुढे दोन पडद्यांनी दिली. एक व्हिडिओ गेमचा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘फिफा’ मालिकेने ओहायोतल्या मुलाला युरोपातल्या क्लबांचे राखीव खेळाडूही नावानिशी ओळखायला शिकवले. दुसरा दूरचित्रवाणीचा. २०१३ पासून एनबीसीने प्रीमियर लीगचे सगळे सामने उपलब्ध करून दिले. वेळेचा फरकही पथ्यावर पडला, कारण सकाळी त्या वेळी दुसरा कोणताही मोठा खेळ स्पर्धेला नसतो.

स्पॅनिश भाषक समाजाला मात्र या पडद्यांची गरज नव्हती. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सहा कोटींहून अधिक लोक लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. त्यांच्या घरांत फुटबॉल पूर्वीपासून होताच, पण मोजणारे त्याला ‘अमेरिकी’ खेळ मानत नव्हते. मेक्सिकोच्या लीगला अमेरिकेतही मोठा प्रेक्षक आहे, याकडे इंग्रजी वृत्तपत्रांनी उशिरा पाहिले.

स्थानिक मैदानांनाही रंग चढला आहे. पोर्टलँडमध्ये यजमान संघाने गोल केला की यांत्रिक करवतीने ओंडक्याची चकती कापून प्रेक्षकांत फिरवतात. त्या भागाच्या लाकूडतोडीच्या धंद्याची ती खूण. २०१८ मध्ये अटलांटाने विजेतेपद जिंकले तेव्हा मैदानात ७३,०१९ प्रेक्षक होते. २०२३ च्या जुलैमध्ये मेस्सी मायामीत आला आणि पहिल्याच सामन्यात शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल करून मोकळा झाला. पेलेच्या वेळेपेक्षा फरक असा, की या वेळी मेस्सी कोण हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही.

उत्साहाला आवर घालणारे आकडेही आहेत. गॅलप संस्थेने २०१७ अखेरीस घेतलेल्या पाहणीत पाहण्यासाठी आवडता खेळ म्हणून ७ टक्के अमेरिकनांनी सॉकरचे नाव घेतले, बेसबॉलचे ९ टक्क्यांनी. २०२३ च्या पाहणीत सॉकर ५ टक्क्यांवर होता आणि अमेरिकन फुटबॉल ४१ टक्क्यांवर. तेव्हा सिंहासन हलले, असे म्हणण्याचे कारण नाही. वाढ आहे ती तरुणांत, आणि तीही बऱ्याच अंशी परदेशी क्लबांच्या चाहत्यांची.

फीची भिंत

खरी अडचण मैदानावर आहे. अमेरिकेत मुलाने पुढच्या पातळीवर खेळायचे तर खासगी क्लबची फी, प्रवास, स्पर्धा यांसाठी पालकांना वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात. ज्या स्थलांतरित घरांत हा खेळ रक्तात आहे, नेमकी तीच मुले या भिंतीबाहेर राहतात. १० ऑक्टोबर २०१७ रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून २-१ असे हरून अमेरिका २०१८ च्या विश्वचषकाला मुकली, तेव्हा या पद्धतीवर प्रथमच घरोघर चर्चा झाली. त्या सामन्यात अमेरिकेचा एकमेव गोल करणारा ख्रिश्चन पुलिसिक किशोरवयातच जर्मनीत डॉर्टमुंडकडे गेला होता. मेजर लीगच्या क्लबांनी आपल्या अकादमींत फी माफ करायला सुरुवात केली आहे, पण जागा मोजक्या आहेत.

वर चढण्याची वाट क्लबांनाही नाही. मेजर लीगमध्ये बढती-पदावनती नाही, खालच्या श्रेणीतला क्लब कितीही जिंकला तरी वर येत नाही. २०१४ मध्ये सुरू झालेली आपली इंडियन सुपर लीग याच बंदिस्त साच्यात घडली. पुढे त्याच आराखड्याला विरोध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले, हे वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत रुजलेली एक कल्पना इतकी दूर येऊन आपल्या जुन्या क्लबांच्या मुळावर आली, याची तिकडच्या चाहत्याला कल्पनाही नसणार.

२०२६ च्या विश्वचषकात ४८ संघ व १०४ सामने असून त्यांतले ७८ सामने अमेरिकेतल्या अकरा ठिकाणी ठरवण्यात आले, उरलेले कॅनडा आणि मेक्सिकोत. अंतिम लढतीसाठी निवडलेले मेटलाइफ स्टेडियम न्यू जर्सीत आहे. पेले ज्या जायंट्स स्टेडियमवर खेळला ते २०१० मध्ये पाडले गेले. नवे मैदान त्याच्या अगदी शेजारी उभे आहे.