मधुमेहजन्य स्वायत्त मज्जाविकृती : एका मंदगती व्याधीच्या ज्ञानाचा इतिहास

मज्जासंस्थेचा बिघाड हेच मधुमेहाचे मूळ, अशी समजूत एकोणिसाव्या शतकात प्रचलित होती. फ्रेंच वैद्य मार्शाल द काल्व्ही याने १८६४ मध्ये हा संबंध उलट मांडला : मज्जाविकार हे मधुमेहाचे कारण नसून परिणाम होय.

तथापि हृदय, जठर, मूत्राशय व स्वेदग्रंथी यांचे अनैच्छिक नियमन करणाऱ्या मज्जातंतूंची हानी दीर्घकाळ अलक्षित राहिली. इन्शुलिनपूर्व काळात बालवयीन रुग्ण फार जगतच नसत. १९२२ पासून इन्शुलिनने आयुष्य वाढविले आणि त्याबरोबरच मंदगती उपद्रव दृष्टीस पडू लागले. रंडल्स याने १९४५ मध्ये १२५ रुग्णांचा वृत्तांत देऊन या विकृतीचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७ मध्ये, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

व्याधीचा क्रम मात्र लक्षणांवरून कळेना. तो मोजमापाने कळला. दीर्घ श्वसनाबरोबर नाडीच्या गतीत होणारा स्वाभाविक चढउतार प्रथम मंदावतो, कारण लांबलचक प्राणेशा मज्जेला सामान्यतः आधी इजा पोहोचते. पुढे विश्रांतीतही नाडी जलद राहते. उभे राहताच रक्तदाब घसरणे ही बहुधा उत्तरावस्था होय. एडिंबरो येथील यूइंग, कॅम्पबेल व क्लार्क यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठपुराव्यात, चाचण्या सदोष असलेल्या रुग्णांचा पाच वर्षांतील मृत्युदर निम्म्याहून अधिक आढळला. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी दिसले. परंतु धोक्याची सूचना खोटी ठरली नाही.

हा ऱ्हास अटळ आहे काय? १९९३ च्या अमेरिकी चाचणीने इन्शुलिनावलंबी रुग्णांत काटेकोर शर्करानियंत्रणाने त्याची गती मंदावते असे दाखविले. प्रौढवयीन मधुमेहात केवळ शर्करानियंत्रणाचा लाभ तितका स्पष्ट नाही. तेथे रक्तदाब व स्निग्धद्रव्ये यांवरही एकत्रित उपचार हितकर ठरल्याचे २००३ च्या डॅनिश अभ्यासाने दाखविले. गेलेले कार्य पूर्ववत होणे मात्र विरळाच.

नागपुरास हा इतिहास परका नाही. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ज्याच्या पायांना घाम सुटत नाही आणि ज्याची नाडी व रक्तवाहिन्या उष्म्याशी जुळवून घेत नाहीत, त्या रुग्णास उन्हाचा धोका अधिक असतो. हृदयविकाराचा झटकाही त्यास वेदनेविना येऊ शकतो. लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.