मार्कंड्याच्या जत्रेत गाडी बसली, आणि तिचं डोकं कुलूपबंद निघालं

महाशिवरात्रीला मार्कंड्याची वारी माझी सहसा चुकत नाही. बातमीही होते, दर्शनही होतं. गेल्या जत्रेत संध्याकाळी परत निघालो, किल्ली फिरवली. स्टार्टर गरगर फिरला, पण इंजिन काही लागलं नाही. किल्ली फिरवल्यावर इंजिनचा जो पिवळा दिवा पेटतो, तोही पेटला नाही. जत्रेतल्या चार पोरांनी हौसेनं धक्का मारला. काहीच नाही.

चामोर्शीहून ओळखीचा मिस्त्री आला. वीस मिनिटं खाटखूट करून म्हणाला, "भाऊ, इंजिनले काही नाही झाला. हिचा डोका गेला."

डोका म्हणजे ईसीएम. इंजिन कंट्रोल मॉड्यूल. वहीच्या आकाराचा एक ॲल्युमिनियमचा डबा. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला फोन केला (कोणती कंपनी ते सांगत नाही, सगळ्यांचं सारखंच आहे). उत्तर आलं: गाडी टो करून नागपूरला आणा, डबा नवा टाकावा लागेल, ५८ हजार, पार्ट यायला तीन आठवडे. दुरुस्ती होत नाही.

'दुरुस्ती होत नाही' हे वाक्य डोक्यात बसलं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. लांब आहे, पण वाचा.

आमच्या भागात गाडी म्हणजे जीप. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं जंगलखात्यापासून निवडणुकीच्या पेट्यांपर्यंत सगळं त्याच घराण्याच्या गाड्यांवर चाललं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूर फोडून गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हाही साहेब जीपमधूनच फिरले. त्या डिझेल इंजिनाला डोकं नव्हतं. पंप होता, नोझल होतं, गव्हर्नर होता. बॅटरी उतरली तर उतारावर धक्का द्यायचा. पेट्रोल गाडीला कार्बोरेटर. जेटमध्ये कचरा अडकला की फुंकर मारायची. मिस्त्री कानानं ऐकून, हातानं स्क्रू फिरवून इंजिन लाईनवर आणायचा. दहावी नापास पोरगा पाच वर्षांत वस्ताद व्हायचा, कारण यंत्र उघडं होतं. बघून शिकता येत होतं.

मग हे डोकं आलं कुठून? धुरातून.

अमेरिकेत १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. त्याआधीच १९६७ मध्ये बॉशनं फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी बसवली होती. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूमध्ये फवारणी आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्यातून चालवणारी मोट्रॉनिक आली. कारण साधं आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात, आणि ते प्रमाण सतत टिकवावं लागतं. कार्बोरेटरला ते झेपत नाही. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर बसवायचा, त्यानं डब्याला सांगायचं, डब्यानं इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवायचं. हे सेकंदाला कितीतरी वेळा.

आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल कारला कन्व्हर्टर सक्तीचा झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २९ एप्रिल १९९९ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरासाठी युरो नियमांच्या तारखा ठरवून दिल्या. २००० पासून देशभर पहिली पायरी, २०१० मध्ये बीएस-३, २०१७ मध्ये बीएस-४, आणि १ एप्रिल २०२० ला पाचवी पायरी गाळून थेट बीएस-६. प्रत्येक पायरीला कार्बोरेटर मागे पडत गेला आणि डबा मोठा होत गेला. डिझेलमध्ये कॉमन रेल आली, पंपाचा निर्णयही डब्याकडे गेला.

मी याच्या विरोधात नाही. चंद्रपूरचं नाव २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या अतिप्रदूषित यादीत आलं होतं. तिथला धूर मुख्यतः कोळशाचा आणि कारखान्यांचा, पण खराब हवेत श्वास घेणं काय असतं ते आपल्याला दिल्लीकरांनी शिकवायची गरज नाही. डबा आला ते बरंच झालं. प्रश्न वेगळा आहे. डबा आला, पण त्याची किल्ली मिस्त्रीला कोणी दिली नाही.

आता माझ्या गाडीचं पुढं ऐका.

मिस्त्रीनं घाईनं डबा बदलला नाही. आधी बॅटरी, फ्यूज, मेन रिले तपासला. मग बॉडीचा अर्थ. मग सेन्सर. डब्यातून सेन्सरना ५ व्होल्ट जातात. एखादा सेन्सर शॉर्ट असला तरी ते ५ व्होल्ट बसतात आणि चांगला डबा मेल्यासारखा वाटतो. म्हणून एकेक सेन्सर सोडवून पाहिला. व्होल्ट आले नाहीत. स्कॅनर लावला, समोरून उत्तर नाही. शेवटी डावीकडच्या सीटपुढं, पाय ठेवायच्या जागेखालून डबा काढला. जोडाच्या पिना हिरव्या पडलेल्या. आत बोर्डावरची तांब्याची रेघ खाल्लेली.

तेव्हा आठवलं. जुलैत एका नाल्यावरून पाणी वाहत असताना मी गाडी घातली होती. पाणी आत आलं, वाळलं, मी विसरलो. तांब्याची रेघ मात्र सात महिने सडत राहिली. चूक माझी. पण ज्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात नाले रस्त्यावर येतात, तिथं विकायच्या गाडीचं डोकं पायाखाली ठेवावं का, हेही कोणी विचारावं.

मिस्त्रीनं नागपूरच्या जुन्या बाजारातून त्याच नंबरचा वापरलेला डबा आणवला. बसवला. इंजिन लागलं, आम्ही टाळ्या पिटल्या, आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा तेच. कारण इमोबिलायझर. किल्लीत चिप असते, तिचा गुप्त आकडा डब्याशी जुळला तरच इंजिन चालू राहतं. दुसऱ्या गाडीचा डबा आपली किल्ली ओळखत नाही. जुळवायला कंपनीचं सॉफ्टवेअर आणि लॉगिन लागतं, ते फक्त अधिकृत वर्कशॉपकडे. अखेर नागपूरच्या एका कारागिरानं आमच्या मेलेल्या डब्यातली मेमरी चिप वाचून त्यातली माहिती दुसऱ्यात उतरवली. गाडी आजही चालते. टो न करता, सगळं मिळून १६ हजार.

कंपन्या म्हणतात, सगळं खुलं केलं तर चोरांचं फावेल. यात तथ्य आहे. पण ओळख पटवून, नोंद करून मिस्त्रीला परवाना देता येतो की. बँक तिजोरीची किल्ली शाखेत ठेवते, सगळ्या किल्ल्या मुंबईत नेऊन ठेवत नाही.

हे भांडण नवं नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. ठपका हाच: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. ती द्या, असंही आयोगानं सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये मतदान करून हा हक्क मिळवला. आपल्याकडे ग्राहक खात्यानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. पोर्टल चांगलं आहे. पण चामोर्शीच्या मिस्त्रीच्या हातात अजून लॉगिन नाही.

त्या संध्याकाळी मिस्त्रीची वाट बघत देवळाच्या आवारात बसलो होतो. १८७० च्या दशकात कनिंगहॅमनं या देवळांची नोंद केली. वीज पडून शिखराचा भाग महामंडपावर कोसळला आणि पुढं एका गोंड राजानं जाड खांब, कमानी लावून ते सावरलं, अशी जुनी नोंद आहे. ती डागडुजी सुबक नाही. मूळ नक्षीपुढं ओबडधोबडच. पण राजाच्या गवंड्याला मूळ कारागिराची परवानगी मागावी लागली नाही. दगड त्याच्यासमोर उघडा होता. त्यानं पाहिलं आणि आधार दिला.

आमच्याकडे रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला बऱ्याचदा शेजाऱ्याची गाडीच लागते. ती गाडी तीन आठवडे पार्टची वाट बघत उभी राहिली, तर तो प्रश्न फक्त मालकाचा राहत नाही.

म्हणून दोन गोष्टी. एक, पाण्यातून गाडी गेली असेल तर वाळली म्हणून सोडू नका, पायाखालचा गालिचा उचलून जोड तपासून घ्या. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला सांगा. दोन, 'दुरुस्ती होत नाही' असं कोणी म्हटलं तर ते कागदावर लिहून मागा. मी मागितलं होतं. मला मिळालं नाही. तुम्हाला मिळालं तर मला पाठवा, पाठपुरावा मी करतो.