बख्त बुलंदचे शहर आणि त्याची नदी



'पर्यावरण' हा शब्द आज शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. परीक्षेत त्यावर निबंध येतो आणि आपली मुले तो पाठ करून लिहितात. झाडे तोडली म्हणून पाऊस कमी झाला, कारखाने वाढले म्हणून हवा बिघडली, सबब सर्वांनी जागे व्हावे, असा त्याचा ठरलेला साचा असतो. त्यात खोटे काहीच नाही. परंतु अशा निबंधातला अपराधी नेहमी दुसरा कोणी तरी असतो आणि संकट नेहमी दूरच्या मुलखात असते. म्हणून आज आपल्याच शहराच्या एका नदीचा इतिहास तुमच्यापुढे ठेवीत आहे. नागपूरला जिने नाव दिले ती नाग नदी. आज आपले बहुतेक लोक तिला 'नाला' म्हणतात. नदीचा नाला कसा झाला, हे एकदा नीट समजले की पर्यावरणाच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ आपोआप ध्यानात येते.

पाण्याकाठी वसलेले शहर

नागपूर शहर सन १७०२ च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसविले. देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात आहे. औरंगजेबाच्या काळात या राजाने इस्लामचा स्वीकार केला होता. येथे पूर्वी लहान लहान बारा वाड्या होत्या. त्या जोडून त्याने शहराची पायाभरणी केली. हिंदू असो वा मुसलमान, गुणी माणसाला त्याने जवळ केले, आणि शेतकरी व कारागीर दूरदूरच्या मुलखांतून या प्रदेशात येऊन स्थायिक झाले, अशी नोंद पुढे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने आपल्या १८२७ च्या अहवालात केली आहे.

शहर वसवायचे तर पहिला प्रश्न पाण्याचा. लाव्हा गावाच्या टेकड्यांतून निघून पूर्वेकडे वाहणारी नाग नदी येथे होती. बख्त बुलंदचा वारस चांद सुलतान याने नागपूरला राजधानी केले, शहराभोवती तट बांधला आणि जुम्मा तलाव करविला. याच तलावाला लोक शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि आज त्याचे नाव गांधीसागर आहे. एकाच पाण्याला उर्दू नाव आहे, मराठी नाव आहे आणि राष्ट्रपित्याचेही नाव आहे. हे पाणी कोण्या एका जातीजमातीचे कधीच नव्हते, हे नावांवरूनच कळते.

पुढे १७४३ मध्ये रघुजी भोसले यांच्याकडे नागपूरची सत्ता आली. भोसल्यांच्या काळातही तलावांची ही परंपरा चालू राहिली. तेलंगखेडीचा म्हणजे फुटाळा तलाव आणि सक्करदऱ्याचा तलाव ही त्यांचीच आठवण. त्या काळच्या राज्यकर्त्याला, मग तो गोंड असो वा मराठा, एक गोष्ट पक्की ठाऊक होती: पावसाचे पाणी चार महिने पडते आणि बारा महिने लागते. ते अडवून ठेवणे हे राज्य चालविण्याचेच एक काम होते. दक्षिणेत मलिक अंबरने याच समजुतीने खडकी शहरात, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणली होती.

पाणी दूर गेले

तलाव आणि विहिरी यांवर शहराने दीडशेहून अधिक वर्षे काढली. इंग्रजी अमलात १८६४ साली नगरपालिका स्थापन झाली. शहर वाढले, जवळचे पाणी पुरेना. तेव्हा १८७० च्या सुमारास अंबाझरी तलावाचे काम होऊन तेथून शहरात नळाने पाणी येऊ लागले. तेही अपुरे पडले, म्हणून १९१२ च्या सुमारास गोरेवाड्याचा तलाव झाला. त्यानंतर कन्हान नदीचे पाणी उपसून आणले आणि अखेर पेंच धरणाचे पाणी आले. आज नागपूरकर जे पाणी पितो त्याचा मोठा वाटा चाळीसहून अधिक किलोमीटर अंतरावरून, पेंचच्या नवेगाव खैरी जलाशयातून येतो.

वाचकहो, ही प्रगतीच आहे. नळाच्या पाण्याने पटकीसारख्या साथींना आळा घातला आणि आपल्या आयाबहिणींची डोक्यावरून पाणी वाहण्याची मेहनत वाचविली. परंतु या प्रगतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शहराचे पाणी जसजसे दूरवरून येऊ लागले, तसतसे जवळचे पाणी अनाथ झाले. ज्या तलावाचे पाणी प्यायचे, त्यात कोणी कचरा टाकू लागला तर सारा मोहल्ला धावून जाई. आता घरात नळ आल्यावर तलावात काय पडते याची विचारपूस कोण करणार? जे पाणी आपण पीत नाही, त्याची काळजी वाहायला कोणी उरत नाही. नाग नदीच्या दुर्दशेचे पहिले कारण हेच आहे, असे माझे मत आहे.

दुसरे कारण जमिनीचे. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल जुम्मा तलावाच्या परिसरात सुरू झाली. तिची जागा दलदलीची होती आणि ती भरून काढावी लागली. मातीत पैसा घालणाऱ्या माणसाला कर्ज देण्यास एका सावकाराने नकार दिला होता. गिरणी भरभराटीस आल्यावर त्याच सावकाराने कबूल केले की टाटांनी माती घातली आणि सोने काढले. गिरणीने हजारो घरांच्या चुली पेटविल्या, हे विसरता येणार नाही. ती आता बंद पडून बरीच वर्षे झाली. मात्र 'माती घाला, सोने काढा' हा धडा शहराने नको तितका मनावर घेतला. तलावांचे काठ बुजत गेले. पाचपावलीकडचा लेंडी तलाव आणि नाईक तलाव यांचे आक्रसलेले रूप आजही कोणीही जाऊन पाहू शकतो.

विख्यात नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१५ मध्ये नागपूरला आले होते आणि त्यांनी शहराच्या रचनेवर नगरपालिकेला अहवाल दिला होता. हिवतापाच्या भीतीने हिंदुस्थानातील शहरांचे तलाव बुजवू नयेत, ते स्वच्छ करून राखावेत, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचे म्हणणे ऐकले असते तर आजचे बरेच दुखणे टळले असते.

नदीचा नाला कसा झाला

आता नदीकडे येऊ. घरात विहिरीचे चार बादल्या पाणी वापरले जाई तेव्हा सांडपाणी अंगणातच जिरून जात असे. नळ आला आणि वापर कित्येक पटींनी वाढला. पण आलेले पाणी वापरानंतर जाणार कोठे, याची व्यवस्था त्या गतीने झाली नाही. नळयोजना पुढे धावली आणि मलवाहिन्या मागे राहिल्या. उतार नदीकडे, म्हणून मोऱ्या, गटारे आणि संडासांचे पाणी नदीत गेले. हा कोणा एका दुष्ट माणसाचा उद्योग नव्हे. तुमच्या-माझ्या घरची मोरी दररोज यात भर घालते.

यामागचे शास्त्र विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. वाहत्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि त्यावर मासे जगतात. पाण्यात मैला पडला की त्याचे विघटन करणारे सूक्ष्म जीवाणू वाढतात आणि ते हा प्राणवायू वापरून टाकतात. मैला थोडा असेल तर नदी काही अंतरात स्वतःच शुद्ध होते. तो प्रमाणाबाहेर गेला की प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाणी काळे पडते आणि दुर्गंधी सुटते. सांडपाण्यातील नत्र आणि फॉस्फरस यांवर जलपर्णी पोसते. नागपूरकर जिला इकॉर्निया म्हणतात आणि जी अंबाझरीच्या पाण्यावर हिरव्या सतरंजीसारखी पसरते, ती हीच.

शहराबाहेर गेली म्हणजे नदी संपत नाही. नाग नदीला पिली नदी मिळते, पुढे ती कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणाला. शेजारच्या भंडाऱ्याचे लोक आपल्या पिण्याच्या पाण्यात नागपूरची घाण येते म्हणून वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. आपण मोरीत जे ओततो ते कोणाच्या तरी माठापर्यंत जाते. शेजाऱ्याचा हक्क मानणाऱ्या समाजाने हे वाक्य दोनदा वाचावे.

तहान आणि पूर

निसर्गाने आपला हिशेब दोन वेळा मांडून दाखविला. जुलै २०१९ मध्ये पावसाने ओढ दिली, तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. दूरच्या पाण्यावर विसंबलेल्या शहराला जवळच्या विहिरी आठवल्या, तर त्यांतील कित्येक कचऱ्याने भरलेल्या. चार वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेपूर्वी, अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत घुसले, हजारो घरे बुडाली आणि माणसे दगावली. पाऊस मोठा होता हे खरे. पण पाण्याच्या वाटेवर बांधकामे झाली होती, नदीचे पात्र अरुंद झाले होते, हेही तितकेच खरे. तहान आणि पूर ही दोन वेगळी संकटे दिसतात. मूळ एकच आहे: पाण्याला थांबायला जागा नाही आणि जायला वाटही नाही.

टेम्स नदीचा धडा

निराश होण्याचे मात्र कारण नाही. लंडनच्या टेम्स नदीची कथा याहून वाईट होती. तेथेही नळ व नव्या पद्धतीचे संडास आधी आले आणि मैला नदीत गेला. १८५८ च्या उन्हाळ्यात अशी दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटात सभासदांना बसवेना. तेव्हा बॅझलगेट नावाच्या इंजिनियरने शहराच्या मलवाहिन्यांची प्रचंड योजना उभारली. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यास नदी पुन्हा मृतवत झाली. मग कायदे कडक झाले, शुद्धीकरण केंद्रे सुधारली आणि १९७४ मध्ये टेम्समध्ये पुन्हा सामन मासा सापडला. नदी मरते तशी ती परतही येते, पण त्यासाठी एका पिढीहून अधिक काळ चिकाटी लागते.

आपल्याकडेही साधने आहेत. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्येच केला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर १९७४ मध्ये केंद्राचा कायदा आला. सांडपाण्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, नीरी, ही तर १९५८ पासून आपल्याच शहरात आहे. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देण्याची सोय झाली आहे. वीजकेंद्राने हे पाणी वापरले की तितके धरणाचे पाणी माणसांसाठी वाचते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९०० कोटी रुपयांची योजनाही मंजूर झाली. योजना कागदावरून नदीत उतरते की नाही, हे पाहणे नागरिकांचे काम आहे.

आपण काय करावे?

सरकारने करावयाचे ते सरकारकडून मागून घ्यावेच. परंतु आपल्या हातातील गोष्टींना कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

पहिली गोष्ट मशिदीपासून. वाहत्या नदीच्या काठी बसून वजू केली तरी गरजेपेक्षा अधिक पाणी वापरू नये, ही हजरत पैगंबरांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो आणि वजूखान्यातला नळ मात्र उघडा सोडतो. वजूचे पाणी तुलनेने स्वच्छ असते. गटारात सोडण्याऐवजी ते झाडांना किंवा शोषखड्ड्यात द्यावे. जेथे मशिदीला व शाळेला मोठे छप्पर आहे, तेथे पावसाचे पाणी विहिरीत वा कूपनलिकेजवळ जिरवावे.

दुसरी गोष्ट मोहल्ल्याची. विहीर खोदून देणे ही सदका-ए-जारिया, म्हणजे माणूस गेल्यावरही चालू राहणारे पुण्य, असे आपण मानतो. मग पूर्वजांनी खोदलेली विहीर उपसून स्वच्छ करणे हे कमी पुण्याचे कसे? ईद-उल-अजहाच्या दिवशी कुर्बानीचे अवशेष नालीत न टाकता महानगरपालिकेच्या गाडीतच द्यावेत, आणि तरुणांच्या मंडळांनी त्या तीन दिवसांत हे काम अंगावर घ्यावे. इबादत पूर्ण झाली आणि शेजाऱ्याच्या दारात दुर्गंधी सुटली, असे घडू देऊ नये.

तिसरी गोष्ट घराची. प्लास्टिकच्या पिशव्या, उरलेले तेल आणि जुनी औषधे मोरीत वा नालीत जाऊ नयेत. हे काम बहुतेक घरांत माताभगिनींच्या हाती असते. त्यांना हे सांगणारा कोणी असला तर त्या ते पुरुषांपेक्षा नेटाने करतात.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांची. शाळेच्या सहलीसाठी दूर जाण्यापूर्वी एकदा अंबाझरीपासून नदीच्या कडेने चालत जा. पाण्याचा रंग कोठे बदलतो, कोणता नाला कोठे मिळतो, हे वहीत लिहा आणि नकाशा काढा. तुमच्यातूनच उद्या जलशास्त्राचा अभ्यासक, मलनिस्सारणाचा इंजिनियर किंवा महानगरपालिकेचा जबाबदार अधिकारी निघाला पाहिजे. डॉक्टर होणे मानाचे आहेच. पण शहराचे पाणी शुद्ध राखणारा माणूस हजार रोग्यांना दवाखान्यापर्यंत येऊच देत नाही.

बख्त बुलंद शाहने बारा वाड्या एकत्र करून हे शहर आपल्या हाती दिले आणि त्याच्या वारसाने त्याला तलाव दिला. आपण पुढच्या पिढीच्या हाती काय देणार, नदी की नाला, याचा निर्णय दररोज घरोघरी होत असतो. तो चांगला व्हावा म्हणूनच शिक्षण, आणि म्हणूनच आपल्या संस्थेचा हा सारा खटाटोप.