खारा वारा, धुण्याचा फेस आणि मॅन्लीची झाडं

आज आपण एका झाडाच्या मरणाचा इतिहास पाहणार आहोत. तो पाहताना ‘कारण’ या शब्दाचा अर्थही थोडा तपासून घेऊ.

झाडाचं नाव नॉरफोक पाइन. आपल्याकडे नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे झाड विकतात, ते बहुधा याच अरौकेरिया कुळातलं असतं. याचं मूळ घर म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरातलं नॉरफोक बेट. १७७४ साली कॅप्टन कुक तिथे उतरला आणि ही सरळसोट झाडं पाहून त्याला वाटलं, जहाजाच्या डोलकाठ्यांना उत्तम! १७८८ मध्ये इंग्रजांनी तिथे वसाहत केली. लाकूड मात्र डोलकाठीच्या उपयोगाचं निघालं नाही. पण झाडाचा दुसरा गुण लक्षात आला. समुद्राचा खारा वारा ते थेट छातीवर घेतं आणि हिरवंगार राहतं.

म्हणून १८५० च्या दशकात हेन्री गिल्बर्ट स्मिथ या गृहस्थाने सिडनीजवळ मॅन्लीच्या किनाऱ्यावर ही झाडं लावली. देवळापुढच्या दीपमाळेसारखी एकावर एक फांद्यांची वर्तुळं असलेली ही रांग पुढे मॅन्लीची ओळखच झाली. शंभरएक वर्षं ती सुखाने वाढली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळू लागली.

आता कारण काय? पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर जाणं साहजिक होतं, कारण झाडं समुद्राच्या बाजूने करपत होती आणि जमिनीकडची बाजू बरी होती. पानांत मीठही जास्त सापडत होतं. पण आपण विचारलं पाहिजे की हाच वारा शंभर वर्षं वाहत होता, तेव्हा झाडं का मेली नाहीत? जे आधीपासून होतंच, ते एकटं नव्या घटनेचं कारण कसं होईल? काहीतरी नवं येऊन मिळालेलं असणार.

ते नवं आलं होतं लोकांच्या मोरीतून. त्यासाठी थोडं मागे जाऊ. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला आणि साबणाला पर्याय शोधणं सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम डिटर्जंट घरोघर पोचलं. अमेरिकेत ‘टाइड’ १९४६ मध्ये आलं. त्याचा मोठा गुण कोणता? कोकणातल्या मचूळ विहिरीवर ज्यांनी कपडे धुतले असतील, त्यांना हे सांगायला नको. तिथे साबणाला फेसच येत नाही. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होतो आणि त्याचा साका होतो. डिटर्जंटचं तसं होत नाही, जड पाण्यातही ते काम करतं.

हा गुण समुद्रात गेल्यावर अवगुण ठरला. जुना साबण समुद्रात पोचला की तिथल्या क्षारांनी त्याची ताकद संपायची. डिटर्जंट समुद्रातही डिटर्जंटच राहिलं. शिवाय त्या काळच्या डिटर्जंटच्या रेणूची कार्बन-साखळी फांद्या फुटलेली होती, त्यामुळे जिवाणूंना ते सहज पचत नव्हतं. सिडनीचं मैलापाणी तेव्हा कड्यांच्या पायथ्याशीच समुद्रात सोडलं जाई. बाँडायला १८८९ पासून असं चालू होतं, आणि मॅन्लीच्या शेजारी नॉर्थ हेडलाही नंतर तेच झालं. ही द्रव्यं पाण्याच्या पृष्ठभागाशी गोळा होतात. लाट फुटली, बुडबुडे फुटले, की तुषारांबरोबर ती हवेत उडतात आणि वाऱ्याने झाडावर येऊन बसतात.

मग पानावर काय होतं? पानाला श्वासाची बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. एरवी पाण्याचा थेंब त्यांत शिरत नाही, कारण पृष्ठताणामुळे तो गोळा होऊन वरच राहतो. डिटर्जंट हा पृष्ठताण मोडतं, कपड्याच्या धाग्यात पाणी शिरतं ते त्यामुळेच. तेच पानावर झालं. खारं पाणी रंध्रांतून आत गेलं आणि मिठाने पान आतून जाळलं. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी याच झाडावरचे निबंध प्रसिद्ध केले. समुद्राचं पाणी आणि डिटर्जंट यांच्या मिश्रणाचा परिणाम त्यांनी प्रत्यक्ष रोपांवर तपासला आणि मीठ पर्णरंध्रांतूनच आत जातं याचा पुरावा दिला. इटलीतही पिसाजवळ, आर्नो आणि सेर्किओ या नद्यांच्या मुखांदरम्यानच्या सान रोस्सोरेच्या पाइन-वनात अशीच मर दिसली होती. तिथेही संशोधक याच निष्कर्षाला आले.

आता आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथे जरा थांबतो. झाड कुणी मारलं? मीठ म्हणेल, मी तर कायमच होतो. डिटर्जंट म्हणेल, आत शिरलं ते मीठ. वारा म्हणेल, मी फक्त वाहिलो. आपल्या नैयायिकांनी याला चांगला शब्द दिला आहे: कारणसामग्री. घट होतो तो माती, चाक, दंड आणि कुंभार एकत्र आल्यावर. त्यांतलं एकच उचलून ‘हेच कारण’ म्हणता येत नाही.

पण मग जबाबदारी कुणाचीच नाही का? तसं नाही. सामग्रीतला जो घटक आपल्या हाताने हलवता येतो, तिथे आपली जबाबदारी सुरू होते. समुद्राचं मीठ काढता येत नाही, वारा थांबवता येत नाही. डिटर्जंटचं मात्र काही करता येतं, आणि ते केलंही गेलं. जर्मनीत १९६१ च्या कायद्याने डिटर्जंट विघटनशील असणं बंधनकारक झालं. तो कायदा झाला नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले म्हणून. झाडांचं दुखणं तेव्हा कुणाच्या डोळ्यांत भरलेलं नव्हतं. पुढे सरळ साखळीची डिटर्जंटं आली. ती जिवाणूंना पचतात, पण त्यासाठी हवा आणि वेळ लागतो. मोरीतून निघालेलं पाणी शुद्ध न होता थेट लाटेत गेलं, तर तो वेळ मिळत नाही. सिडनीने १९९०-९१ मध्ये बोगदे खणून सांडपाणी किनाऱ्यापासून दोन ते चार किलोमीटर आत, साठ ते ऐंशी मीटर खोल नेलं. किनाऱ्याच्या लाटांत मिसळणारं मैलापाणी त्यामुळे खूप कमी झालं.

मुंबईतही वरळी आणि वांद्र्याचं सांडपाणी बोगद्यांतून तीन किलोमीटरहून आत सोडतात. पण नाले आणि खाड्यांतून किती पाणी तसंच किनाऱ्याला मिळतं, हे आपण रोज पाहतोच. तेव्हा समुद्राकाठचं एखादं झाड फक्त समुद्राच्या अंगाने करपलेलं दिसलं, तर ‘खारा वारा लागला’ एवढ्यावर समाधान मानू नका. जवळ कुठला नाला येऊन मिळतो, त्याच्या तोंडाशी फेस आहे का, आणि त्या नाल्याचं पाणी शुद्ध करायचं काम कुणाकडे आहे, ही चौकशी करा.