पिरूळ जाळण्याची लेखी परवानगी

राखीव वनात आग लावणे हा १८७८ च्या वन कायद्याने गुन्हा ठरवला. वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी असेल तर सूट. १९२७ च्या कायद्यातील कलम २६ मध्येही ही सूट कायम आहे. (परवानगी देणारा किती कोसांवर बसतो, हे कलमात नसते.) ती वाचताना मला कुमाऊँ आठवते. चीड वृक्षाची गळून साचलेली पाने, म्हणजे पिरूळ, जाळल्यावरच तिथे गुरांसाठी नवे गवत फुटे. १९११ ते १९१७ दरम्यान वने राखीव झाली आणि दरसालचे हे काम अपराधात जमा झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत, परवान्याची किंमत गावाला परवडेनाशी झाली. १९२१ च्या उन्हाळ्यात लोकांनी हजारो एकर जंगल पेटवले. त्याच वर्षी सरकारला तक्रार समिती नेमावी लागली. पुढे बऱ्याच वनांवरील निर्बंध सैल झाले आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले.